आटपाट नगर आणि एक मायक्रोफोन: लोककथांच्या श्रुतिका करणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं मिळून कहाण्या, दैवतकथा आणि गावोगावच्या भुताखेतांच्या गोष्टी आवाजातून सांगतो. पॉडकास्ट म्हणा, ऑडिओ ड्रामा म्हणा. आमच्या घरांत रेडिओ वाजत असायचा, त्यामुळे आमच्या तोंडी श्रुतिका हाच शब्द बसलाय आणि इथंही तोच वापरलाय. पत्रांतून तेच ते प्रश्न येतात. काही सुरुवातीला आम्हालाही पडले होते, काही आमची चूक काढायला विचारलेले असतात. दोन्ही प्रकारचे खाली घेतलेत.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला ऐकवायची?

माहीत असते म्हणूनच तर ऐकवता येते. कीर्तनाला बसलेल्या एकालाही हरिश्चंद्राचं पुढं काय झालं हा प्रश्न नसतो. बुवा आज स्मशानातला प्रसंग कसा उभा करतात, ते ऐकायला माणसं आलेली असतात.

पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झालं तेव्हा रामायण ठाऊक नसलेलं घर महाराष्ट्रात शोधून सापडलं नसतं. तरी ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या त्या ५६ गाण्यांसाठी लोक रेडिओपाशी येऊन बसत. त्याची बांधणी बघा. कुश-लव गातायत आणि समोर खुद्द राम ऐकतोय. गाणारी मुलं कोणाची, हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे पहिल्या गाण्यालाच घसा दाटतो. पुढची बहुतेक गाणी कुठल्या ना कुठल्या पात्राच्या तोंडी आहेत: कधी कौसल्या, कधी शूर्पणखा, कधी भरत. प्रत्येक वेळी कोण सांगतंय आणि कोणाला, हे पक्कं.

श्रुतिका लिहायला बसलात की आधी एवढंच ठरवा: कोण सांगतंय आणि कोणाला? आमचे जे भाग फसले, त्यांत याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

सुरुवातीला कुठली गोष्ट घ्यावी?

महाभारताला हात घालू नका. पात्रं फार, नाती फार, आणि ऐकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत. तीन पुरुष एका दमात बोलायला लागले की कोण कुठला हे चौथ्या वाक्याला सुटतं.

श्रावणातल्या आणि चातुर्मासातल्या कहाण्या घ्या. त्या मुळात वाचून दाखवण्यासाठीच घडलेल्या आहेत. वाक्यं आखूड, पात्रं मोजकी. आम्ही सुरुवात केली दिव्यांच्या अवसेपासून. राजाची सून घरातला खाऊ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड उगवतात, तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. सुनेला घराबाहेर काढतात. ही सून रोज दिवे घासायची, तेलवात करायची. पुढं आषाढी अवसेच्या रात्री सासरा राजा शिकारीहून परतताना झाडाखाली मुक्काम करतो, आणि वर गावातले सगळे दिवे फांद्यांवर बसून गप्पा मारत असतात.

दिवे गप्पा मारतायत आणि राजा अंधारात पडल्या पडल्या ऐकतोय! श्रुतिकेला याहून काय हवं? आमच्या संहितेतला तुकडा असा आहे:

(पानांची सळसळ. वातींची बारीक तडतड.)
पहिला दिवा: राजवाड्यातला आला का रे?
दुसरा दिवा: आला. काजळी बघ किती धरलीय अंगावर.
राजवाड्यातला दिवा: घासायला कोणी उरलं नाही बाबा. होती ती गेली.
पहिला दिवा: मेली?
राजवाड्यातला दिवा: घालवली.
(खाली, बुंध्याशी, कोणीतरी कूस बदलतं.)

शेवटच्या कंसावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. वाळक्या पानांवर घोंगडी, तिच्यावर माणूस. राजाच्या तोंडी इथं एकही शब्द नाही. तो जागा आहे आणि त्यानं ऐकलंय, हे त्या कूस बदलण्यातून कळतं. आधीच्या खर्ड्यात तो ‘अरे देवा, हे मी काय केलं!’ म्हणत होता. ते वाक्य काढलं आणि भाग उभा राहिला.

निवेदक ठेवावा की सगळं संवादांत आणावं?

ठेवा, पण तो कोणीतरी असू द्या. कुठूनसा येणारा भारदस्त आवाज जुन्या माहितीपटात शोभतो. कहाणी सांगणारी बाई ओटीवर बसलीय, हातात तांदळाचे दाणे घेतलेल्या चारजणी समोर आहेत, त्यातल्या एकीला घरी जायची घाई आहे. एवढं ठरवलं की निवेदनाची भाषा आपोआप सुधारते.

आणि हुंकारा विसरू नका. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर सांगणारा थांबतो, झोपलास का विचारतो. पोवाड्यातले झीलकरी ‘जी जी’ म्हणतात आणि गोंधळात मुख्य गोंधळ्याला त्याचा साथीदार मुद्दाम भाबडे प्रश्न विचारतो, ते याच घराण्यातलं. मायक्रोफोनसमोर एकटं बसलं की हा हुंकारा नाहीसा होतो आणि माणूस भाषण करायला लागतो. आम्ही आता निवेदकासमोर एकाला खरोखर बसवतो. त्याचा ‘हं’ कधी ठेवतो, कधी संकलनात काढतो. काढला तरी सांगणाऱ्याच्या आवाजात तो उरतो.

एकाच कथेची चार रूपं सापडतात. खरं रूप कुठलं?

चारही. तुम्ही कुठलं सांगताय ते मात्र पक्कं ठाऊक हवं, आणि ते कुणाचं आहे हेही.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याचा जीर्णोद्धार घडवून आणला. गावात सांगतात की टाकलेली सीता बाळंतपणानंतर इथं गहू मागायला फिरली, कोणी दिला नाही, आणि तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. वाल्मीकींच्या रामायणात हे शोधत बसू नका. पण ही गोष्ट श्रुतिकेत आणायची तर सांगणारी रावेरीचीच हवी, तिच्या शेतात काय पेरलंय ते तिला ठाऊक असलेली. तीच कथा सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडी घातली की सामान्यज्ञानाचा धडा होतो.

खंडोबाचंही तसंच. ग्रंथांतला मार्तंडभैरव मणी-मल्लांना मारायला येतो. वाघ्या-मुरळीच्या जागरणात रंगतं ते घरातलं भांडण. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव धनगरवाड्यावर जाऊन बाणाईकडे चाकरीला राहतो, मेंढरं राखतो आणि तिला घेऊन जेजुरीला येतो. बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर, म्हाळसा वर देवापाशी. वाण्याची लेक आणि धनगराची लेक यांच्यातली ती हमरीतुमरी ऐकली की युद्धाचा प्रसंग कोणाला आठवतो?

देवांनी कोणत्या भाषेत बोलावं?

‘हे प्राणनाथ’ म्हणणारी देवी आम्ही पहिल्या वर्षी केली. ऐकून आमच्याच घरचे हसले.

लोककथेतला देव घरच्या भाषेत बोलतो. बाणाई मेंढपाळाची भाषा बोलेल, म्हाळसेच्या बोलण्यात वाण्याघरचा तोरा असेल, आणि खंडोबा दोघींच्या मध्ये सापडलेल्या नवऱ्यासारखा मोजून बोलेल. सिंधुदुर्गातली गोष्ट मालवणीत असू द्या. समजेल का अशी भीती आम्हालाही होती. पण कान दोन मिनिटांत सरावतो. फक्त बोली येणाऱ्याकडूनच बोलवून घ्या. प्रमाण मराठीत ‘हाय’, ‘नाय’ पेरून केलेली गावरान भाषा ओळखू येते आणि ती चिडवल्यासारखी वाटते.

दशावतारी नट मिळाला तर त्याला पाठ करायला संहिता देऊ नका. दशावतारात संवाद रंगमंचावर आयत्या वेळी रचले जातात. आमच्याकडे आलेला कलाकार कागद हातात घेऊन बावचळला. कागद काढून घेतला, प्रसंग सांगितला, आणि पेटीवाल्यानं सूर धरताच त्याचा रावण सलग अकरा मिनिटं बोलत होता. त्यातली सात ठेवली.

कोकणातल्या भुतांवर मालिका करायचीय. काय सांभाळावं?

नावं सांभाळा. मुंजा पिंपळावरचा, गिऱ्हा पाण्यातला, चकवा वाट चुकवणारा. प्रत्येकाचं ठिकाण वेगळं, म्हणजे आवाजही वेगळा. सगळ्यांना एकच घोगरं हसू दिलं की भीती जाते.

आणि वेतोबाला भूत करू नका, हे कळकळीनं सांगतोय. आरवलीचा वेतोबा हा ग्रामदेव आहे. लोक त्याला केळीचे घड वाहतात आणि भल्या मोठ्या चामडी चपला देतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. वेताळ शब्द ऐकून त्याला उलटे पाय आणि लाल डोळे लावणारे भाग आम्ही ऐकले आहेत. त्यापेक्षा मध्यरात्री पाणंदीतून जड चपलांचा आवाज येतोय आणि घरातली म्हातारी निर्धास्तपणे कूस बदलून झोपते, हे करून बघा. मुंबईहून आलेला नातू तेवढा घाबरलेला असेल.

वाद्यं आणि आवाज कुठून आणायचे?

वाद्य कथेचं गाव सांगतं, म्हणून चुकीचं वाद्य लगेच टोचतं. गोंधळाला संबळ आणि तुणतुणं. जागरणाला दिमडी आणि मुरळीच्या हातातली घाटी. वासुदेवाला चिपळ्या आणि टाळ. दशावताराला पेटी, मृदंग, झांज. देवीच्या कथेमागं सतार आणि बासरीचं तयार संगीत लावलं की ते योगवर्गाच्या जाहिरातीसारखं ऐकू येतं.

बाकी आवाज स्वयंपाकघरात आहेत. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, कोरड्या मातीवर. पावसाला सुपात हळूहळू फिरवलेले तांदूळ. हाड मोडायला शेवग्याची ओली शेंग. गरुडाच्या पंखांना जुनी छत्री, फटाफट उघडमीट करून. जात्याला मात्र पर्याय नाही; खरंच जातं शोधा. त्याची घरघर दाणे संपत आले की बदलते आणि ओवीची लय तिच्यावरच चालते. आम्ही मिक्सरचा आवाज मंद करून खपवायचा प्रयत्न केला होता. एका आजींनी फोन करून विचारलं, ‘सीता चटणी वाटत होती का?’

घरी रेकॉर्डिंग जमेल का?

जमेल. मायक्रोफोनपेक्षा खोली महत्त्वाची. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागं, समोर वाळत घातल्यासारख्या दोन गोधड्या, पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज परत चालू करायची चिठ्ठी दारावर लावा. आमचं एकदा दूध गेलं आहे.) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ध्वनिमुद्रण करा. शेवटची पातळी मायनस १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवा. ॲपल पॉडकास्ट्स हीच सुचवतं.

मिश्रण झालं की हेडफोनवर खूश होऊ नका. आमचा एक भाग, त्यात कुजबुजीचे सुंदर संवाद, आईनं स्वयंपाकघरात मोबाइलवर लावला. फोडणी, कुकर, नळ. तिला फक्त वादळ ऐकू आलं. आपले श्रोते पोळ्या लाटताना आणि लोकलमध्ये ऐकतात. तेव्हापासून प्रत्येक भाग आधी ओट्यावर वाजतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा आवाज वापरला तर?

वापरून बघितला. ययातीच्या कथेत ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, तालव्य ज. यंत्रानं तो दंत्य केला आणि शुक्राचार्यांनी शाप दिला की ययातीला ‘थोडं’ येईल. जग (दुनिया) आणि जग (जिवंत राहा) यांतला फरक लिहिताना दिसत नाही, तो कानातून आलेला असतो. पुढं सुधारेलही. पण हुंकारा कोण देणार?

कॉपीराइटचं काय? लोककथा तर सगळ्यांच्या असतात.

कथा सगळ्यांची, पण तिचं एखादं विशिष्ट सांगणं कोणाचं तरी असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी जमवलेल्या ओव्या आणि लिहिलेल्या गोष्टी २०११ पासून मोकळ्या आहेत. श्रीधराचे हरिविजय, पांडवप्रताप तर शतकांपूर्वीचे. माडगूळकर १९७७ साली गेले. गीतरामायणाच्या ओळी २०३७ संपेपर्यंत विचारल्याशिवाय घेता येत नाहीत, चाल वेगळी लावली तरीही.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते कर्णावर. कर्ण महाभारताचा, तो घ्या. पण आपल्या डोक्यातला कर्ण पुष्कळदा शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला असतो, आणि त्यातले प्रसंग व संवाद सावंतांचे आहेत. ते २००२ साली गेले, म्हणजे २०६२ संपेपर्यंत थांबावं लागेल. संहिता पूर्ण झाली की ‘हे मला कुठून ठाऊक?’ असं प्रत्येक पानाला विचारा. आमच्या एका संहितेतली तीन पानं अशी गेली.

तयार ध्वनिमुद्रणांवर प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क असतो. कोणा गोंधळ्याची यूट्यूबवरची क्लिप ‘पारंपरिकच आहे’ म्हणून उचलू नका. रचना पारंपरिक असली तरी तो आवाज त्याचा आहे, आणि कायदाही कलाकाराला सादरीकरणाचा हक्क देतो.

लोककलावंताला बोलावलं तर किती द्यायचं?

शहरातल्या व्हॉइस आर्टिस्टला देता तेवढं तरी. वर प्रवासखर्च. ‘तुमची कला जगापर्यंत पोहोचेल’ हे मानधन नव्हे. कागद मराठीत करा, वाचून दाखवा, आणि त्यात लिहा की हे ध्वनिमुद्रण कुठं कुठं वापरणार आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार.

विधीचा भाग असेल तर आणखी एक. जागरणातली किंवा गोंधळातली काही पदं यजमानाच्या घरी, देव मांडल्याशिवाय म्हणायची नाहीत असं काही कलाकार मानतात. आमच्याकडे एकांनी अर्ध्यावर संबळ खाली ठेवला. आम्ही पाटावर तांदूळ, सुपारी मांडली, दिवटी पेटवली आणि मग ध्वनिमुद्रण झालं. वातीचा आवाज ट्रॅकमध्ये आलाय, काढलेला नाही.

ओव्यांचं साहित्य हवं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आवर्जून ऐका. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर येत गेला आहे, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसकट. सीतेचा वनवास तिथं बायकांनी किती तऱ्हांनी गायलाय ते ऐकल्यावर आम्ही आमची सीतेची संहिता बाजूला ठेवली.

भावना दुखावल्या म्हणून तक्रार झाली तर?

भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेल्या कृत्याला लागतं. वेगळं रूप सांगणं म्हणजे ते नव्हे, पण मनस्ताप व्हायचा तो होतोच. आम्ही प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सांगतो की ही गोष्ट अमुक गावात अशी सांगतात. त्यानं निम्मे रागावलेले फोन ‘आमच्याकडे वेगळी सांगतात’वर येतात. मग आम्ही ती लिहून घेतो.

कहाण्यांमधला सुनेचा छळ, सवती, जातीचे उल्लेख. हे बदलायचं का?

यावर आमचं तिघांचं एकमत नाही. एकीचं म्हणणं, जसं आहे तसं सांगा. माझं म्हणणं, सांगणारीला मत असू द्या. ओटीवरची ती बाई कहाणीत सून घराबाहेर काढली जाते तिथं क्षणभर थांबू शकते, समोरच्या नव्या सुनेकडे बघू शकते. शब्द एकही बदलत नाही. पण मुलांसाठीच्या भागांत जातिवाचक हेटाळणी आम्ही सरळ काढतो.

परदेशातल्या मराठी मुलांना हे कळतं का?

‘खुलभर दूध’ म्हणजे इवलंसं, हे पुण्यातल्या मुलांनाही सांगावं लागतं. सोमवारच्या कहाणीत राजाच्या आज्ञेनं गावभरचं दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही. वासरांना, लेकरांना पाजून म्हातारीनं आणलेल्या खुलभर दुधानं भरतो. आम्ही अर्थ सांगितला नाही. घागरी ओतल्याचे धबधब आवाज ऐकवले, आणि शेवटी एक बारीकशी धार. एका मराठी शाळेतल्या बाईंनी कळवलं की मुलं घरी ‘खुलभर ज्यूस’ मागतायत.

पैसे मिळतात?

फारसे नाहीत. गंडेदोरे, ग्रहशांती आणि ‘सिद्ध’ यंत्रांच्या जाहिराती मात्र आपणहून येतात. दैवतकथा म्हटलं की त्यांना आपले श्रोते त्यांचेच वाटतात. आम्ही घेत नाही.

आमच्या आजीला खूप गोष्टी येतात. पाठवू का?

पाठवा. मोबाइल तिच्यापासून एका वितीवर, उशीवर ठेवा, टेबलावर नको. पंखा बंद. तिला ‘सुरू कर’ म्हणू नका, आधी दहा मिनिटं गप्पा मारा आणि तेव्हापासूनच ध्वनिमुद्रण चालू ठेवा, अर्थात तिला सांगून. मध्येच तिनं ‘दार लावलंस का गं?’ विचारलं तर कापू नका. आणि समोर बसून ‘हं’ म्हणत राहा.